बफरच्या गावातलं जुनं कवेलूचं (कौलारू) घर: ८ संशोधकांची रात्रीची सोय करायची आहे, आधी काय करावं?

पळसबन (प्रश्न)

गाव चिमूर तालुक्यातलं, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला (गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याला) लागून. गावठाणाच्या कडेला ग्रामसभेच्या ताब्यात एक जुनं घर आहे. जागा गावठाणाचीच आहे, वनजमीन नाही. एका ओळीत चार खोल्या, प्रत्येक १० बाय १२. समोर ८ फूट रुंद छपरी (ओसरी), भिंती मातीच्या दीड फूट जाडीच्या, वर सागाची वळई (छताचा लाकडी सांगाडा) आणि कवेलू. संडास घराबाहेर, साधारण ४० पावलांवर. बोअर १८० फूट, लाइट सिंगल फेज. जमीन काळी.

वन्यजीव आणि वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या एका गटाला नोव्हेंबर ते जून राहायला जागा हवी आहे. शिवाय बेडकांवर काम करणारा एक लहान गट जुलै-ऑगस्टमध्ये येईल. एका वेळी जास्तीत जास्त ८ जण, स्त्रिया-पुरुष मिसळून. पहाटे साडेचारला निघायचं असल्यामुळे तालुक्याच्या लॉजवरून ये-जा त्यांना परवडत नाही.

फर्निचरवाला म्हणतो दोन मजली पलंग टाका, १२ जण मावतील. गावातले काही जण म्हणतात कवेलू काढून स्लॅब टाका. पैसे एकाच टप्प्याचे आहेत आणि काम पावसाआधी उरकायचं आहे. आता फेब्रुवारी चालू आहे. कशावर खर्च करावा, कशावर करू नये? आणि माणशी एका रात्रीचा दर कसा ठरवावा?

---

सागवान

भाऊ, कवेलूला हात लावू नका. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि अशा उन्हात तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. पहाटे चारला उठणाऱ्या माणसाची सगळी झोप त्यातच जाते. दीड फुटाची मातीची भिंत आणि कवेलू ही तुमच्याकडे असलेली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. स्लॅबचे पैसे वाचले, ते छत नीट करण्यात घाला.

कवेलूचा खरा त्रास वानरांचा. टोळी एकदा छतावरून गेली की दहा-वीस कवेलू फुटतात आणि ते पहिल्या पावसात कळतं. उपाय असा: वळईवर आधी टिनाचे पत्रे, त्यावर आडव्या पट्ट्या, त्यावर कवेलू. कवेलू फुटलं तरी पाणी पत्र्यावरून खाली जातं, आणि पत्र्याला थेट ऊन लागत नाही म्हणून तो फारसा तापत नाही. दोन्हींच्या मध्ये दीड-दोन इंच मोकळी जागा सोडा, हवा खेळली पाहिजे. खोलीच्या आतून बांबूच्या तट्ट्यांचं सिलिंग करा, पण सिलिंगच्या वरची पोकळी बंद ठेवू नका. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळीचे झरोके द्या, म्हणजे कोंडलेली गरम हवा निघून जाते. झरोक्याची जाळी बारीक हवी, नाहीतर वर उंदीर घरं करतात आणि उंदरामागे साप येतो.

आता पलंग. दोन मजली पलंग इथे चालत नाही. वरच्या माणसाला सिलिंगखालची गरम हवा मिळते, पंख्याचं पातं डोक्याजवळ येतं आणि मच्छरदाणी नीट लावता येत नाही. मच्छरदाणी इथे फक्त डासांसाठी नसते. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. चावल्याचं बहुतेक वेळा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या जड होतात, मग कळतं. म्हणून नियम एकच: जमिनीवर कुणीही झोपायचं नाही, चौकोनी मच्छरदाणी लावायची आणि तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचायच्या. लोंबती दाणी काही कामाची नाही.

एका खोलीत दोन लोखंडी खाटा, सव्वासहा बाय तीन फूट, जमिनीपासून दीड फूट उंच, भिंतीपासून एक वीत सरकवलेल्या. चार खोल्यांत आठ माणसं. यापेक्षा जास्त घेऊ नका. खाटेखाली बॅगा सरकवू नका. भिंतीत फळ्या ठोका, बॅगा त्यावर. दाराखालची फट बंद करायला रबराची पट्टी लावा, फट ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. न्हाणीच्या मोरीच्या तोंडाला जाळी हवीच. हे विसरलं की बाकी सगळी मेहनत फुकट जाते, कारण सापाची नेहमीची वाट मोरीचीच असते.

छपरीचं सोनं करता येईल. समोरून खालपासून वरपर्यंत एक इंची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली तारेची जाळी), लोखंडी अँगलच्या चौकटीत, आतून डासांची जाळी, आणि आतून कडी लागणारं दार. एप्रिल-मेमध्ये नवारीच्या खाटा छपरीत काढल्या की खालूनही हवा लागते आणि खोलीपेक्षा झोप चांगली लागते. उघड्या छपरीत मात्र बफरच्या गावात कुणालाही झोपवू नका. बिबट्या अंगणापर्यंत येतो.

कूलर दोन पुरेत. हवा कोरडी असते तोवरच त्यांचा उपयोग आहे. समोरासमोर खिडकी उघडी नसेल तर खोली नुसती दमट होते. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की बंद करून, टाकी कोरडी करून ठेवून द्या. चालू असतानाही आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून घासायची. डेंग्यूचा डास कूलरच्या पाण्यात वाढतो.

---

विहीरकाठ

मी पाणी आणि संडासाचं लिहितो. काळ्या मातीत चूक झाली तर तीच सगळ्यात महाग पडते.

आधी पाण्याचा हिशेब. आंघोळ, संडास, कपडे, भांडी, पिणं धरून माणशी ८० लिटर. आठ जणांचे ६४०, स्वयंपाकीण आणि देखभालीचा माणूस यांचे ८०, दोन कूलर रात्रभर चालले तर १६० च्या आसपास. म्हणजे मे महिन्यात रोज ८८० लिटर. लाइट दोन दिवस गेली तरी भागायला हवं म्हणून १००० लिटरच्या दोन टाक्या घ्या. २००० ची एक नको, कारण एक धुवायला काढली तरी दुसरी चालू राहते. काळी टाकी उघड्यावर ठेवली तर दुपारी पाण्याने हात पोळतो. तिच्यावर तट्ट्यांचा मांडव घाला.

बोअर १८० फूट आहे एवढ्याने काही कळत नाही. एप्रिलच्या शेवटी तपासा: २०० लिटरचा ड्रम किती मिनिटांत भरतो ते घड्याळ लावून बघा, पंप दोन तास सलग चालवा आणि शेवटी पुन्हा ड्रम भरा. पहिल्यांदा १२ मिनिटं आणि शेवटी १५ मिनिटं लागली तर चिंता नाही. शेवटी धार तुटत असेल तर पंप चालू-बंद करत दिवसातून तीन वेळा टाकी भरावी लागेल, आणि ते काम कुणाचं हे आधीच ठरवा.

पाण्याची तपासणी केल्याशिवाय कुणाला ते प्यायला देऊ नका. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. प्लॅस्टिकची लिटरभराची बाटली घ्या, त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि पंप पाच-दहा मिनिटं चालल्यावर भरा. एकदा मे महिन्यात, एकदा पावसानंतर. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं म्हणून उलट वाढतं. कॅन्डलच्या फिल्टरनेही जात नाही. प्रमाण जास्त निघालं तर आरओ लागेल, पण फक्त पिण्या-स्वयंपाकाच्या ५० लिटरपुरता. त्याचं वाया जाणारं पाणी संडासाच्या बादलीत घ्या.

आता संडास. ४० पावलांवरचा संडास बंद करा. रात्री तिथे जाणं म्हणजे अंधारात जनावराच्या वाटेवर जाणं, आणि न जाण्यासाठी बायका संध्याकाळपासून पाणी पिणं सोडतात. उन्हाळ्यात दिवसभर रानात फिरून आलेल्या बाईने पाणी न पिणं हा सरळ आजाराचा रस्ता आहे. घराच्या मागच्या भिंतीला लागून दोन संडास आणि दोन वेगळ्या न्हाण्या बांधा, मधली वाट झाकलेली आणि जाळीबंद ठेवा. संडास आणि न्हाणी एकत्र केली तर पहाटे चार वाजता आठ जणांची रांग लागते.

सेप्टिक टँक १० माणसांसाठी: आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, पाण्याची खोली १ मीटर, वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा. दर दोन वर्षांनी उपसा. एवढं सगळे बरोबर करतात. चुकतं ते पुढे, शोषखड्ड्यात. काळी माती पावसात फुगते, तिच्या भेगा बुजतात आणि पाणी मुरणं जवळपास थांबतं. उन्हाळ्यात खणलेला खड्डा छान पाणी पितो, सगळे खूश होतात, आणि जुलैत संडास उलटा भरायला लागतो. म्हणून खणायच्या आधी चाचणी घ्या. फूटभर व्यासाचा खड्डा शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत न्या, रात्रभर पाण्याने भरलेला ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. ३० मिनिटांच्या वर गेलं तर तिथे शोषखड्डा नको. पाच-सात फुटांवर मुरूम लागत असेल तर खड्डा मुरमात उतरवा आणि काळ्या मातीच्या थरातली भिंत सिमेंटने बंद करा. मुरूम लागलाच नाही तर जमिनीवर दोन-अडीच फुटांचा मुरूम-वाळूचा उंचवटा करून त्यात सच्छिद्र पाइप टाका, वर कर्दळ लावा. टाकीचं पाणी खाली असल्याने तिथे ते लहान पंपाने चढवावं लागेल. बोअरपासून अंतर किमान १८ मीटर.

नव्या संडासाच्या पायालाही हेच लागू. पाया काळ्या मातीवर ठेवला तर दोन पावसाळ्यांत संडास घरापासून फाटतो. पाया मुरमापर्यंत न्या, आणि जुनी भिंत व नवी भिंत एकमेकींत बांधू नका. मध्ये अर्धा इंचाची फट सोडून वरून पत्र्याची पट्टी मारा.

---

तीनफेज

विजेबद्दल. यादी करून बघू या, एका दिवसाची, पूर्ण भरलेल्या घराची. सहा बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, ३० वॉटचे, १० तास: १८०० वॉट-तास. दहा एलईडी दिवे, ७ वॉटचे, ५ तास: ३५०. लॅपटॉप आठ, प्रत्येकी दीड चार्ज: ७२०. मोबाइल १२०. कॅमेरा ट्रॅपचे (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे) सेल, हेडलॅम्प, जीपीएस मिळून १५०. राउटर २४ तास: २४०. बेरीज ३३८०, म्हणजे जवळपास ३.४ युनिट. हेच पंखे साधे ७५ वॉटचे घेतले तर फक्त पंख्यांचेच ४.५ युनिट होतात, म्हणून पहिला खर्च पंख्यांवर करा.

सोलर पॅनल २ किलोवॉटचे. चांगल्या दिवशी साडेचार तासांचं पूर्ण ऊन आणि ७० टक्के हाती धरलं तर ६.३ युनिट मिळतात. पावसाळ्यातल्या झाकोळलेल्या दिवशी ऊन अडीच तासांचं धरा, तरी ३.५ येतात. बेडकांच्या गटाला एवढं पुरतं. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची ४८ व्होल्ट १०० अँपिअर-तास घ्या. ८० टक्के वापर आणि इन्व्हर्टरची तूट धरून एका रात्री-दिवसाचं भागतं. लेड-ॲसिड घ्यायची झाली तर २०० अँपिअर-तासाच्या चार लागतील, कारण त्या निम्म्याच वापरायच्या असतात. बॅटरी टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. लेड-ॲसिडचं आयुष्य २५ अंशांच्या पुढे दर १० अंशांना निम्मं होत जातं, आणि लिथियम ४५ च्या वर चार्ज करायची नसते. उत्तरेकडच्या मातीच्या भिंतीची जागा तिला द्या, झोपायच्या खोलीत मात्र नको.

कूलर आणि फ्रिज इन्व्हर्टरवर टाकू नका, ते लाइनवर. संध्याकाळी गावात व्होल्टेज १७० पर्यंत उतरत असेल तर फ्रिजला स्टॅबिलायझर लावाच. सागवान भाऊंनी छताचं सांगितलं त्यात एक जोड: पॅनल कवेलूवर बसवू नका. परसात लोखंडी सांगाड्यावर बसवा, नाहीतर प्रत्येक वेळी पुसायला चढणारा माणूस कवेलू फोडेल. सांगाड्याला आणि घराला स्वतंत्र अर्थिंग, डीसी (पॅनलची) आणि एसी (घराची) दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेच्या झटक्यापासून बचाव. पूर्व विदर्भात जून आणि सप्टेंबरच्या वादळांत विजा खूप पडतात, आणि इन्व्हर्टर जळतो तो बहुतेक वेळा तेव्हाच.

बाहेरचे दिवे पिवळे, कमी वॉटचे, खाली तोंड केलेले. पांढऱ्या दिव्यावर किडे येतात, किड्यांवर बेडूक, बेडकांवर साप, आणि हे सगळं दाराशी.

---

भल्या पहाटे

घराचं सगळं आलं. राहणाऱ्यांच्या शिस्तीचं राहिलं, ते मी सांगते.

झोपायची जागा आणि कामाची जागा वेगळी ठेवा. चार खोल्या झोपायला गेल्या, त्यामुळे छपरीचं एक टोक प्लायने बंद करून कामाला द्या: एक लांब टेबल, चार्जिंगचे प्लग, फळ्या. नमुन्यांचा ७० टक्के अल्कोहोल आणि फॉर्मेलिन झोपायच्या खोलीत कधीच नाही. अल्कोहोल पेट घेतो आणि फॉर्मेलिनचा वास रात्रभर डोळ्या-नाकाला झोंबतो. त्यांच्यासाठी परसात कुलूपबंद, हवेशीर लहान कोठी बांधा, स्वयंपाकघरापासून लांब.

पावसाळी गटासाठी ओल्या कपड्यांची आणि बुटांची जागा आधीच काढा, नाहीतर सगळं खाटांवर वाळत पडतं. वनस्पतीवाल्यांना दाबलेले नमुने वाळवायला बल्बची पेटी लागते. ६० वॉटचे दोन बल्ब दहा तास म्हणजे १.२ युनिट. हे तीनफेज भाऊंच्या यादीत नाही, तेव्हा पेटी दिवसा लाइनवर चालवायची असा नियम करा.

रानातून आलेले कपडे अंथरुणावर टाकायचे नाहीत. दारातच झाकणाची बादली ठेवा. गोचीड तर असतेच, शिवाय विदर्भात स्क्रब टायफस आहे, आणि तो गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. रानात जाऊन आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप आला तर डॉक्टरांना रानातलं काम आणि चाव्याचा काळा डाग हे दोन्ही न विसरता सांगायचं.

भिंतीवर हालचालीचं रजिस्टर हवं: कोण, कुठल्या कंपार्टमेंटला (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागाला), कोणाबरोबर, परत किती वाजता. संध्याकाळी सातपर्यंत परत नाही आणि फोनही नाही, तर देखभालीच्या माणसाने वनरक्षकाला कळवायचं. त्याच भिंतीवर १०८ आणि साप चावल्यावर काय करायचं ते मोठ्या अक्षरांत: बांधायचं नाही, कापायचं नाही, चावलेला भाग हलवायचा नाही, सरळ रुग्णालय. सर्पदंशाची लस सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागते, तेव्हा जवळच्या कोणत्या रुग्णालयात तेवढा साठा आणि व्हेंटिलेटर आहे ते हंगामाच्या सुरुवातीला विचारून लिहून ठेवा. मण्यारीच्या विषाने श्वास थांबतो, म्हणून व्हेंटिलेटरचं विचारायचं.

मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, अस्वल पहाटे मोहाखाली असतं. घराजवळ मोह असेल तर उजाडल्याशिवाय पायी बाहेर जाणं बंद.

कागदपत्रं: अभयारण्यात संशोधनासाठी जायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली परवानगी लागते, आणि मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे. ती मिळवणं संशोधकांचं काम, पण तिची प्रत पाहिल्याशिवाय खोली देऊ नका. नाहीतर उद्या गावावर बोट येतं. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद घर चालवणाऱ्याला करावी लागते. आणि त्यांना येण्याआधीच कळवा की सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही. बाहेरून येणारे तो सुरक्षेसाठी म्हणून बॅगेत टाकतात आणि विमानतळावरच अडकतात.

जेवण बचत गटाकडे द्या. चहा सव्वाचारला, डबा आदल्या रात्री ठरलेला. भात-वरण, भाकर, एक भाजी पुरेशी असते. उरलेलं अन्न रात्री बाहेर टाकायचं नाही, रानडुकरं रोज येऊ लागतात.

---

पळसबन

सगळ्यांचे मनापासून आभार. स्लॅब आणि दोन मजली पलंग दोन्ही रद्द. दराचं कुणी सांगेल का? आमच्यातले काही म्हणतात वर्षाचा खर्च भागिले ८ खाटा भागिले ३६५.

---

विहीरकाठ

तसा काढला तर पहिल्याच वर्षी तोटा होईल. आठ खाटांच्या वर्षाच्या २९२० रात्री होतात, पण सगळ्या भरत नाहीत. सुरुवातीला ३५ टक्के धरा, म्हणजे १०२२. उदाहरणादाखल देखभालीच्या माणसाचा पगार, लाइट बिल, दुरुस्ती, सेप्टिकचा उपसा आणि बॅटरीसाठी बाजूला टाकायची रक्कम मिळून ४,२०,००० झाले, तर २९२० ने भागून माणशी १४४ रुपये येतात आणि १०२२ ने भागून ४११. खरा आकडा दुसरा. जेवण त्यात धरू नका, बचत गटाचे पैसे वेगळे आणि रोजच्या रोज द्या. महिनाभर राहणाऱ्यांना सवलत द्या, पण आगाऊ घेऊन. आणि गट येणार म्हणून खोल्या अडवून ठेवणाऱ्यांकडून निम्मी रक्कम आधी घ्या. संशोधकांचं वेळापत्रक परवानगीच्या कागदावर हलतं, आणि रिकाम्या खाटेचा खर्च मग ग्रामसभेवर येतो.

---

सागवान

क्रमाचं तेवढं सांगतो, फेब्रुवारी आहे म्हणून. मुरण्याची चाचणी याच महिन्यात. खणकाम आणि पाया मार्चमध्ये, जमीन कोरडी असताना, कारण काळ्या मातीत पाऊस लागल्यावर जेसीबी शिरत नाही. छत एप्रिल संपायच्या आत उतरवून पुन्हा चढवा. मे महिन्यात वादळी वारा येतो आणि उघडी वळई तेव्हा सापडता कामा नये. वेल्डमेश, खाटा, वायरिंग हे मे महिन्यात छताखाली होतं. सेप्टिकचा खड्डा खणून दोन-तीन दिवस उघडा राहणार असेल तर भोवती काट्यांचं कुंपण घाला आणि आत एक तिरकी फळी सोडून ठेवा, रात्री पडलेलं जनावर तिच्यावरून वर येतं.